‘ळ’चा ‘य’ होतो तेव्हा अलंकाराचं काय होतं?

‘कवितेतला नाद आणि अलंकार’ हा माझ्या पीएचडीचा विषय. तो सांगितला की बहुतेकांना दहावीचा पेपर आठवतो: ‘खालील ओळींतील अलंकार ओळखा.’ अनुप्रास, यमक, श्लेष हे शब्दालंकार. उपमा, रूपक हे अर्थालंकार. दोन रकाने, दोन गुण, विषय संपला! माझं भांडण या दोन रकान्यांशीच आहे.

रकाने मुळात चुकीचे नाहीत. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्यासाठी एक चांगली कसोटी दिली. शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवायचा. अलंकार मोडला, तर तो शब्दाचा. टिकला, तर अर्थाचा. साधी युक्ती आहे, आजही उपयोगी पडते.

पण शब्द तोच ठेवून फक्त उच्चार बदलला तर?

आमच्या धानोऱ्याकडे, नंदुरबार जिल्ह्यात, अहिराणी, भिली, गुजराती आणि शाळेतली मराठी एकाच बाजारात कानावर पडतात. अहिराणीत आणि जळगावकडच्या लेवा बोलीत ‘ळ’चा बऱ्याचदा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. आता ‘काळी माय’ घ्या. काळी जमीन ही आई, हे रूपक महाराष्ट्रभर चालतं. खानदेशी तोंडात ते ‘कायी माय’ होतं. दोन्ही शब्दांत ‘आ’ आणि त्यामागे ‘य’. जमीन आणि आई कानालाच सख्ख्या वाटायला लागतात. प्रमाण उच्चारात रूपक टिकतं, मम्मटाची कसोटी पास होतं. पण त्याला नादाचा जो टेकू होता तो जातो.

‘मळा’ तर याच्याही पुढे जातो. बोलीत तो ‘मया’ होतो, आणि ‘मया’ म्हणजे माया, जीव लावणं. मळ्यात राबणाऱ्या बाईच्या गाण्यात हा शब्द आला तर श्लेष आपोआप उभा राहतो. छापताना कुणी ‘मळा’ असा शुद्ध केला की श्लेष गेला, आणि तो गेला हे कुणाला कळतही नाही.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांवर लिहिताना म्हणूनच मला एक सवय खटकते. उपमा किती, रूपकं किती याची यादी करायची आणि बोलीबद्दल शेवटी ‘गोडवा’ म्हणून एक ओळ टाकायची. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तोंडात जन्मली, घरच्यांनी ऐकून उतरवली, आणि पुस्तक आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली. म्हणजे इथे आधी आवाज आहे, अक्षर मागून आलंय. तळटीपेत प्रमाण शब्द देऊन अर्थ समजावता येतो. पण तळटीप म्हणजे कविता नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. नाद सापडला की त्यात अर्थ कोंबायचा मोह होतो. ‘गळा’चा ‘गया’ होतो. म्हणून प्रत्येक गळ्यात हिंदीतलं ‘गेला’ ऐकायचं का? नाही. ओळीतला प्रसंग दोन्ही अर्थ पेलत असेल तरच श्लेष म्हणायचा. शिवाय एका बोलीचा नियम दुसरीला लावायचा नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीत भिली आणि खानदेशी एकाच खंडात आहेत (1907), म्हणून त्यांचे कान एक होत नाहीत. भिली गाण्याला भिलीच्याच कानाने ऐकावं लागेल.

हा नुसता अभ्यासकांचा वाद असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पण इकडच्या पोराने वहीत ‘काया’ लिहिलं की त्यावर लाल रेघ येते. प्रमाण लेखन शिकवायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. फक्त कवितेच्या तासाला ती रेघ जरा बाजूला ठेवा. त्या पोराला ओळ त्याच्या उच्चारात मोठ्याने म्हणू द्या, आणि मग विचारा, काय ऐकू आलं? अलंकाराचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं.