टेबलाखालचा प्रयोग

मागच्या वेळी आपण ज्ञान आणि माहिती यांतल्या फरकाबद्दल बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ. नुकतंच एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन पाहायला गेलो होतो. तळमजल्यावर विज्ञान, वरच्या मजल्यावर कला. सी. पी. स्नो यांनी १९५९ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात ‘दोन संस्कृतीं’मधली जी दरी सांगितली, ती इथे एका जिन्याएवढी होती.

खाली एका मुलाने मातीचा ओलावा मोजून आपोआप पाणी देणारं यंत्र केलं होतं. मी विचारलं, “हे चुकतं कधी?” त्याच्याआधी शिक्षकच म्हणाले, “सर, शंभर टक्के अचूक आहे!” ते पुढे गेल्यावर मुलाने टेबलाखालचा खोका ओढला. आत झिजलेल्या, काळवंडलेल्या धातूच्या पट्ट्या. ओल्या मातीत सतत वीज सोडली की धातू झिजतो, आणि ओलावा तेवढाच असला तरी आकडा बदलतो. म्हणून तो आता मोजण्यापुरती क्षणभरच वीज सोडतो. हे त्याचं त्याला सापडलं होतं.

आता बघा, कार्ल पॉपर यांनी १९३४ च्या ग्रंथात काय मांडलं? कोणत्या परिस्थितीत आपण खोटे ठरू, हे जो सिद्धान्त सांगू शकतो तो वैज्ञानिक. त्या अर्थाने टेबलावर होती ती जाहिरात. विज्ञान होतं टेबलाखाली.

वर गेलो. चिनी मातीच्या मगांवर वारली चित्रं, ॲक्रिलिक रंगात. मगाला माझी हरकत नाही. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर नेलीच की! पण लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, तो मगावर आला की त्याचं काय होतं? कार्डावर एवढंच : ‘वारली कला, किंमत अमुक.’ मी विचारल्यावर मुलगी म्हणाली, “सर, आधी पिठानेच काढलं होतं. वाळल्यावर सगळं निघून आलं. भिंत ते धरून ठेवते, मग नाही धरत.” किती मोलाचं वाक्य! रूप आणि आधार यांच्या नात्यावर सौंदर्यशास्त्रात जी चर्चा चालते, तिची सुरुवात इथे आहे. पण ते कार्डावर नव्हतं.

म्हणजे दोन्ही मजल्यांवर एकच गोष्ट लपवली होती : फसलेला प्रयत्न. शिक्षकांना मी सगळा दोष देणार नाही. परीक्षक येणार, पाहुणे येणार, फोटो निघणार. मग कोण झिजलेली पट्टी मांडेल? पण यातून मुलं शिकतात ते हे, की जे कळलं ते झाकायचं आणि जे चकाकतं ते मांडायचं. ही सवय पुढे प्रबंधातही जाते. मी पाहिलं आहे.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक प्रकल्पाशेजारी एक कागद लावा. काय फसलं, ते कशावरून कळलं, मग काय बदललं.

आणि आता माझी कबुली. निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. प्राचार्य शेजारी उभे, हातात चहा. मी लिहिलं, ‘अत्यंत स्तुत्य उपक्रम.’ खाली सही. खोका पाहिला होता, तरी त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे मीही तो परत टेबलाखालीच सारला. म्हणून आज हे तुमच्यासमोर बोललो.