सूत्र बरोबर, उत्तर चूक : दोन प्रतलांमधला कोन

परवा परभणीत पेटची तयारी करणाऱ्या दोन ज्युनिअर्सना मी एक साधं गणित दिलं. सुसम षटकोनी पाया असलेली सरळ चिती, म्हणजेच प्रिझम. तिच्या लगतच्या दोन उभ्या पृष्ठांमधला आतला कोन किती? दोघांनीही बारावीचं सूत्र लावलं: अभिलंब सदिशांचा बिंदू गुणाकार, भागिले त्यांच्या लांबींचा गुणाकार, त्याचं केवल मूल्य. उत्तर आलं ६०°. चूक! खरं उत्तर १२०° आहे.

आता सूत्राला दोष द्यायचा का? नाही. ते सूत्र दोन अमर्याद प्रतलांमधला लघुकोन देतं. केवल मूल्य घेतलं की विशालकोन येणारच नाही. आपण मात्र विचारत होतो भरीव वस्तूच्या आतला कोन. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

माझी खरी तक्रार आपल्या सरावाबद्दल आहे. सुसम त्रिकोणी चितीत आतला कोन ६०°, सूत्रही ६०° देतं. चौरस पाया असेल तर दोन्हीकडे ९०°. आपण हीच दोन उदाहरणं घोटतो, त्यामुळे चूक झाकली जाते. पंचकोनावर या: आतला कोन १०८°, सूत्र सांगतं ७२°. उदाहरणं सोयीची निवडली की पद्धतीची परीक्षाच होत नाही.

मग करायचं काय? आधी व्याख्या. दोन्ही पृष्ठांची सामाईक कड शोधा. कडेवर एक बिंदू घ्या आणि तिथून प्रत्येक पृष्ठात कडेला लंब रेषा काढा. त्या दोन रेषांमधला कोन म्हणजे आपलं उत्तर. सरळ चितीत कडा पायाला लंब असतात, म्हणून हा कोन थेट पायाच्या बहुभुजाचाच कोन असतो. चिती तिरकी असेल तर हा शॉर्टकट चालत नाही. तिथे कडेला लंब छेद घ्यावाच लागतो.

"एवढ्याने काय बिघडतं?" असं म्हणू नका. स्फटिकशास्त्रात पृष्ठांमधला कोन अभिलंबांवरून मोजायची रीत आहे. क्वार्ट्झच्या लगतच्या उभ्या पृष्ठांसाठी तिथे ६०° लिहितात, आतून मोजला तर तो १२०° भरतो. दोन्ही आकडे खरे, पण कुठला कोन ते न सांगता तक्ता उतरवला तर पुढचं सगळं गणित फसतं. आपल्या काळ्या मातीखाली आहे तोच बेसॉल्ट अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर उभ्या खांबांच्या रूपात दिसतो. असे खांब बरेचदा पाच-सहा बाजूंचे असतात. तिथे कोनमापक लावलात तर बहुतेक कोन विशालच मिळतील, आणि तुमचं सूत्र त्यांना लघु म्हणेल.

संशोधनात उत्तरपत्रिका मागे छापलेली नसते. म्हणून सूत्र लावण्याआधी वहीत एक ओळ लिहा: मी नेमका कुठला कोन मोजतोय? आणि आज रात्री अष्टकोनी चिती दोन्ही पद्धतींनी सोडवून बघा.