कोपाचे काव्य आणि दयेचा शब्द

होमरचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकलेले असते. ‘इलियड’ म्हणजे लाकडी घोड्याची गोष्ट, अशी जी समजूत त्या वयात होते ती बहुधा पुढेही तशीच राहते. वस्तुतः तो घोडा ‘इलियड’मध्ये नाहीच, त्याची कथा ‘ओडिसी’त येते. टाचेला बाण लागून अकिलीस मेला ही हकीकतही या काव्यात नाही. दहा वर्षे चाललेल्या युद्धाच्या अखेरच्या वर्षातले काही आठवडे, एवढाच या सुमारे १५,७०० ओळींच्या महाकाव्याचा काळ आहे. मग त्यात आहे तरी काय? कवीने याचे उत्तर पहिल्याच शब्दात दिले आहे. तो शब्द ‘मेनिस’, म्हणजे कोप.

आम्ही येथे मुद्दाम ‘राग’ म्हटले नाही. राग येतो आणि जातो. ग्रीकमध्ये अशा रागाला ‘खोलोस’ हा दुसरा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ पित्त असा आहे. ‘माझे पित्त खवळले’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘मेनिस’ मात्र होमर मुख्यतः देवांच्या क्रोधासाठी वापरतो. आपल्या गावांत साथ आली की जुनी माणसे ‘देवीचा कोप’ म्हणत. देवीचा राग कोणी म्हणत नसे. माणसाने देवाच्या मापाचा क्रोध मनात बाळगला तर काय होते, हा या काव्याचा विषय आहे, आणि तो एका शब्दाच्या निवडीतच सामावलेला आहे.

शब्द असे तोलून घेण्याचा धडा आम्हा पेणकरांना फार दूर जाऊन शोधावा लागत नाही. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच तालुक्यातील गागोदे गावी जन्मले. संस्कृत न जाणणाऱ्या आपल्या आईला गीता कळावी या जाणिवेतून त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात ‘गीताई’ रचली. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून घेऊन संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि ते काम आटोपताच १९२२ साली देह ठेवला. परक्या ग्रंथाला आपल्या घरात आणायचे तर आधी त्याच्या शब्दांना आपल्या घरातली जागा दाखवावी लागते, हे या दोघांच्या कामावरून दिसते. होमरच्या वाचकानेही तीच वाट धरावी असे आम्हांस वाटते.

या वाटेवर पहिली अडचण येते ती पुनरुक्तीची. अकिलीस तंबूत बसलेला असला तरी कवी त्याला ‘चपळचरण’च म्हणतो. पहाट दर वेळी ‘गुलाबी बोटांची’ असते. वाचक कंटाळतो आणि कवीला दोष देतो. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधांत या विशेषणांचे वृत्ताशी असलेले नाते उलगडून दाखविले. पुढे १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जाऊन त्याने गायकांची मौखिक काव्ये ध्वनिमुद्रित केली. गाता गाता ओळ रचणाऱ्या कवीला असे तयार चरण हाताशी लागतात. आमच्या पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांत हे रोज पाहायला मिळते. एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी हातानेच होते, आणि मूर्तीत जीव येतो तो तेव्हाच. होमरचा साचा पाहून थांबणाऱ्याला त्याची आखणी दिसत नाही.

ही आखणी कोठे दिसते, ते दोन प्रसंगांवरून सांगतो.

एकविसाव्या सर्गात लायकेऑन नावाचा तरुण अकिलीसच्या हाती सापडतो. हा ट्रॉयचा राजा प्रायम याचा मुलगा. पूर्वी एकदा अकिलीसनेच त्याला बापाच्या बागेतून पकडून नेऊन विकले होते. खंडणी भरून तो सुटला, घरी आला आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच माणसापुढे निःशस्त्र उभा राहिला. तो गुडघे धरून दोन गोष्टी मागतो: माझी भीड ठेव आणि माझ्यावर दया कर. ‘दया कर’ यासाठी ग्रीक शब्द आहे ‘एलेएसोन’. अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस नुकताच मारला गेलेला आहे. तो त्या मुलाला मित्र म्हणून हाक मारतो, आणि ठार करतो.

चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम रात्रीच्या वेळी शत्रूच्या तळावर येतो. हेक्टरचे प्रेत अकिलीसने रथामागे बांधून फरफटवलेले आहे. आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेऊन तो बापही तेच मागतो: देवांची भीड धर, आणि ‘एलेएसोन’. तीच जोडी, तोच शब्द, ऐकणारा माणूसही तोच. मुलाला नाकारलेली याचना या वेळी बापाच्या तोंडून येते. आणि प्रायम त्याला त्याच्या स्वतःच्या वृद्ध पित्याची आठवण देतो. अकिलीस रडू लागतो. दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा पित्यासाठी व मित्रासाठी. मग ते एकत्र जेवतात.

‘भीड’ हा आम्ही ‘ऐदोस’साठी योजलेला शब्द आहे. ‘लाज’ त्याला अपुरी पडते, कारण लाज आपल्यापुरती असते. भीड समोरच्या माणसाकडे पाहून वाटते. याच सर्गाच्या आरंभी अपोलो देव तक्रार करतो, ती नेमकी ही, की अकिलीसजवळ दया उरली नाही आणि भीडही उरली नाही. पुनरुक्तीला कंटाळून ओळी गाळत जाणाऱ्या वाचकाच्या हातून हे सारे निसटते.

या काव्यातले उणेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या सर्गातील जहाजांची यादी आपल्या वाचकाला दमवते. जखमांची वर्णने अनेक ठिकाणी अंगावर येतात. सर्वांत मोठा सल म्हणजे, ज्या ब्रिसेइसवरून एवढा कोप झाला तिला कवी एकदाच बोलू देतो, तेही एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या प्रेतावर शोक करताना. शिवाय प्रायमला मिळाली ती क्षमा नव्हे. हेक्टरच्या अंत्यविधीपुरते युद्ध थांबते आणि बाराव्या दिवशी पुन्हा सुरू व्हायचे असते. होमरची दया तेथवरच पोचते, आणि ती त्याहून पुढे गेली असे आपण भाविकपणाने भासवू नये.

तरीही हा शब्द आपल्याला परका नाही. यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तिमयाने प्रभू येशूला हाक मारली तेव्हा संत मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानात हाच शब्द आहे. गर्दीने त्याला दटावले. प्रभू मात्र थांबला. आणि पवित्र मिस्सेत ‘कीरिए एलेइसोन’ गाताना आपणही तोच उच्चारतो. काळाच्या ओघात ग्रीक उच्चार बदलला, एवढेच. लॅटिन उपासनेतही तो ग्रीकच राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपण तो मराठीत म्हणू लागलो.

आमच्या भागात बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत धरलेले अबोले आम्ही पाहिले आहेत. एकेक अबोला बाप जाईपर्यंत टिकतो आणि मयताच्या दिवशी दोघे भाऊ शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहतात. त्यांतला प्रत्येक जण रविवारी मिस्सेत दया मागतो. क्रोध मधापेक्षा गोड लागतो, हे अकिलीसने मित्र गमावल्यावर कबूल केले आहे. ‘इलियड’ची सुरुवात कोपाने होते आणि शेवट एका शत्रूच्या रीतसर अंत्यविधीने. दया मागणारे तोंड आणि ती ऐकणारा कान एकाच माणसाचे असतात, एवढे ज्याला या काव्यातून उमगेल त्याचे वाचन वाया गेले नाही, असे आम्ही समजतो.