युद्धाचा दोष आणि थाळनेर

इ. स. १८१७ च्या युद्धाचा सारा दोष इंग्रज ग्रंथकार बहुधा दुसऱ्या बाजीरावाच्या माथी मारतात. आमचे अभिमानी लेखक तो एल्फिन्स्टनवर लोटतात. खडकीस ५ नोव्हेंबर रोजी पेशव्यांची फौज चालून गेली हे खरे. परंतु त्याआधी जूनमधील पुण्याच्या तहाने पेशव्यांचे मराठमंडळावरील प्रमुखत्व हिरावले होते, हेही तितकेच खरे. गुप्तपणे फौज जमविणारा बाजीराव व असा तह लादणारी कंपनी, दोघेही युद्धाचे जनक होत. एकतर्फी निवाडा काय करतो, ते खानदेशाने पाहिले. होळकरांनी मंदसोरच्या तहाने हा प्रांत सोडल्यावर फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठचे थाळनेर लढले. हिस्लॉपने किल्लेदारास बंडखोर ठरवून फाशी दिले. १८१९ साली खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात या कृत्यावर आक्षेप निघाला. जेत्यांनाही जेथे शंका आली, तेथे इतिहासकाराने दोन्ही बाजूंची दप्तरे पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.