लेओनीच्या बहिणीचे पुस्तक

काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातील एका तरुणीला मी लिझ्यूच्या संत तेरेजाचे आत्मवृत्त वाचावयास दिले. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मठात जावे की न जावे या विचाराने तिची झोप उडाली होती. पंधरा दिवसांनी तिने पुस्तक परत आणून दिले. म्हणाली, "फादर, हिला लहानपणापासून सारे ठाऊक होते. मला तसे काहीच ठाऊक नाही. तेव्हा मला पाचारण नसावे." मी काहीबाही समजूत घातली, पण खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मीही ते पुस्तक तोवर तसेच वाचत आलो होतो. त्यानंतर मी ते नव्याने, सावकाश वाचले आणि ध्यानात आले की दोष पुस्तकापेक्षा आपल्या वाचण्याचा अधिक आहे. अधिक म्हणतो, सर्वस्वी म्हणत नाही.

पुस्तकाचा दोष आधी सांगतो. 1895 साली, मठाध्यक्षा असलेल्या आपल्या थोरल्या बहिणीच्या आज्ञेवरून तेरेजा लिहावयास बसली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि कार्मेल मठात तिची सात वर्षे होत आली होती. पैलतीरावरून मागे पाहणाऱ्याला नदीतील सगळे दगड एका ओळीत मांडल्यासारखे दिसतात. बालपणीचा प्रत्येक प्रसंग मठाच्या दाराकडे बोट दाखवतो, तो लिहिणारी दाराच्या आत बसली आहे म्हणून. शिवाय 30 सप्टेंबर 1898 रोजी, तिच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने, जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्यावर त्याच बहिणीचा, पोलीनचा, हात भरपूर फिरला होता. तीन वेगवेगळ्या व्यक्तींसाठी लिहिलेली तीन हस्तलिखिते एकाच मठाध्यक्षेला उद्देशून लिहिल्यासारखी जुळवली गेली. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी लोकांसमोर आली ती 1956 साली. आपल्या चर्चमधील गुलाबपुष्पे घेतलेली 'लिटल फ्लॉवर' ही बव्हंशी त्या पहिल्या पुस्तकाची निर्मिती आहे.

वाचकांच्या स्मरणात राहतो तो रोमचा प्रसंग. कार्मेलच्या धर्मगुरू-अधिकाऱ्यांनी एकवीस वर्षांपर्यंत थांबावयास सांगितलेले. बिशप महोदयांकडे जाताना आपण थोराड दिसावे म्हणून या मुलीने केसांचा अंबाडा घातलेला. आणि 20 नोव्हेंबर 1887 रोजी, बोलण्याची मनाई असतानाही, पोप तेराव्या लिओंच्या पायांशी बसून तिने पंधराव्या वर्षी मठप्रवेशाची परवानगी मागितली. प्रसंग मोठा चित्तवेधक आहे. प्रवचनात आम्ही धर्मगुरू तो रंगवून सांगतो. परंतु पोप महोदयांनी तिला तिथे परवानगी दिली नाही, ही गोष्ट सांगताना आमचा आवाज जरा खाली येतो. वरिष्ठ सांगतील तसे कर, देवाची इच्छा असेल तर प्रवेश मिळेल, एवढाच त्या उत्तराचा आशय होता. आणि पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाजूला नेले. बिशपांचा होकार तिला कळला तो 1888 च्या पहिल्या दिवशी. त्यावरही मठाने उपवासकाळ संपेपर्यंत थांबवले. 9 एप्रिलला ती आत गेली.

म्हणजे तिची ओढ कितीही तीव्र असली, तरी त्या ओढीलाच पाचारण म्हणावे असे ख्रिस्तसभेने मानले नाही. इतरांनी ती पारखली, अडवली, मग स्वीकारली. ही बाजू पुस्तकात स्पष्ट आहे. फक्त तेरेजा तिला अडथळा म्हणते आणि आपण तिच्या बाजूने वाचत असल्यामुळे आपणही तसेच म्हणतो.

माझ्या मते या आत्मवृत्ताचे सर्वांत मोलाचे पान वेगळेच आहे. 8 सप्टेंबर 1890 रोजी तिचे व्रतग्रहण व्हावयाचे होते. आदल्या रात्री तिला एकाएकी वाटले की हे सारे स्वप्न होते, आपल्याला पाचारण नाहीच आणि आपण वरिष्ठांना फसवत आहोत. ती प्रार्थनागृहातून उठली, नवदीक्षितांच्या मार्गदर्शिकेला बाहेर बोलावून तिने मन मोकळे केले. तेवढ्याने शंका विरली; तरीही तिने मठाध्यक्षेला ते सांगितले आणि त्या नुसत्या हसल्या. जिला लहानपणापासून सारे ठाऊक होते, तिला व्रताच्या आदल्या रात्री काहीच ठाऊक नव्हते! त्या मुलीला पुस्तक देताना मी हे पान दाखवून द्यावयास हवे होते. मला ते आठवलेच नाही, ही माझी चूक.

आणि शोध तिथेही थांबत नाही. सप्टेंबर 1896 मध्ये, मठात आठ वर्षे काढल्यावर, तिने थोरल्या मारीसाठी लिहिलेल्या पानांत कार्मेल-भगिनी असणे तिला अपुरे वाटते. धर्मगुरू, प्रेषित, रक्तसाक्षी असे सारेच व्हावेसे वाटते. संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या-तेराव्या अध्यायांत तिला उत्तर सापडते. ही पाने पुस्तकाचे शिखर आहेत, याविषयी टीकाकारांत फारसा मतभेद नाही. तेव्हा ती श्रद्धेच्या काळोखातून चालत होती, हेही विसरू नये.

आता लेओनीविषयी. मार्टिन दांपत्याच्या हयात राहिलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यापूर्वीची गोष्ट क्वचित सांगतो : झेली यांना तरुणपणी धर्मभगिनी व्हावयाचे होते, त्यांना नकार मिळाला; लुई यांना आल्प्समधील संत बर्नार्डच्या मठात जावयाचे होते, लॅटिन येत नसल्याने त्यांनाही परतावे लागले. 2015 साली पती-पत्नी एकत्र संत घोषित झाले. मधली मुलगी लेओनी 1886 साली एका मठात गेली, दोन महिन्यांच्या आत घरी आली. 1887 मध्ये काँ शहरातील व्हिजिटेशन मठात गेली, काही महिन्यांत परतली. 1893 मध्ये पुन्हा तिथेच गेली, दोन वर्षांनी पुन्हा परतली. तेरेजाच्या आत्मवृत्तात लेओनी येते, पण ओझरती. बाहुल्यांच्या कपड्यांची टोपली पुढे करून धाकट्या बहिणींना निवडावयास सांगणारी ती लेओनीच. 'मी सगळेच निवडते' असे म्हणणारी तेरेजा प्रवचनांतून अमर झाली. टोपली देणारीचे नाव श्रोत्यांतील कोणाला विचारून पाहावे.

आपल्या गावात मुलगी मठातून परत आली तर काय होते ते मी पाहिले आहे. आईला मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात उभे राहणे नकोसे होते. मुलीचे लग्न जमवताना ती गोष्ट दडवली जाते. वास्तविक ख्रिस्तसभेचा कायदाच या परतण्यासाठी वाट ठेवतो : सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नवदीक्षा नाही, ती निदान बारा महिन्यांची, मग किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रते, आणि एकविसाव्या वर्षाआधी अखेरची व्रते नाहीत. एवढा काळ ठेवला तो काय शोभेसाठी? त्या काळात 'हे माझे नव्हे' असे कळून परत येणारी मुलगी नापास झालेली नसते.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांनी, 28 जानेवारी 1899 रोजी, लेओनी पस्तिशीत चौथ्यांदा मठात गेली. या वेळी ती राहिली आणि 1941 साली तिथेच निवर्तली. तिला संतपदाकडे नेणाऱ्या चौकशीचा आरंभ 2015 साली झाला. तिने आत्मवृत्त लिहिले नाही. लिहिले असते तर त्या मुलीच्या हाती मी आधी ते दिले असते, तेरेजाचे मागाहून.