पेअर, ॲपल आणि रुंद काठाची इरकल

आईच्या कपाटात एक इरकल होती. गर्द हिरवी, लाल काठ चांगला सहा बोटं रुंद. मावशीनं दिलेली. आईनं ती एकदाही नेसली नाही, कारण ‘ठेंगण्या बाईला रुंद काठ शोभत नाही’. आईची उंची चार फूट दहा इंच. हा नियम तिला कुणी सांगितला होता ते विचारलं तर तिला आठवेना. चुलतीनं, साडीच्या दुकानातल्या माणसानं, की कुठल्या पुरवणीनं? ज्या नियमाचा बाप सापडत नाही तो मोडायचा तरी कुणाला विचारून?

पुरवण्यांमधल्या ‘बांध्यानुसार पेहराव’ छापाच्या लेखांचं गोत्र मात्र सापडतं. त्यातला ठळक ग्रंथ म्हणजे ट्रिनी वूडॉल आणि सुझाना कॉन्स्टंटाइन या ब्रिटिश जोडगोळीचं ‘द बॉडी शेप बायबल’ (2007). बीबीसीवरच्या ‘व्हॉट नॉट टू वेअर’मुळे दोघी घरोघरी पोचल्या होत्या. 2002च्या त्याच नावाच्या पुस्तकात प्रकरणंच अवयवांच्या दोषांनुसार पाडलेली होती: मोठे दंड, आखूड पाय, सुटलेलं पोट. ‘बायबल’मध्ये दोषांच्या जागी 12 आकार आले. पेअर, ॲपल, चेलो, वीट, घंटा, लॉलिपॉप वगैरे.

एक कबूल करायला हवं. या बायका मनानं दुष्ट नव्हत्या. स्वतःच्या उणिवाही त्या कॅमेऱ्यासमोर मोकळेपणानं मोजत. कपडा अंगाला नीट बसला पाहिजे, खांद्याची शिवण खांद्यावर पडली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं कुठलाही बरा शिंपी मान्य करेल. शरीराला भाज्या-फळांची नावं देण्यावरही आपण नाक मुरडू नये. चवळीची शेंग आणि भोपळा आपल्याकडे त्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत.

माझं भांडण वेगळं आहे. बाराही आकारांना दिलेले सल्ले एकापुढे एक ठेवून वाचले, की सगळ्या वाटा एकाच गावाला जाताना दिसतात. पेअरनं खांदे रुंद दाखवायचे, विटेनं कंबर निर्माण करायची, ॲपलनं पोटावरून नजर हटवायची. गाव एकच: वाळूचं घड्याळ. म्हणजे ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सांगितलेलं सगळं काही तुम्ही दुसऱ्याच कुणासारख्या दिसाव्यात म्हणून. बाईला काय आवडतं, ती दिवसभर काय करते, बसनं जाते की स्कूटरनं, तिला लोकांच्या नजरेत भरायचं आहे की नाही, यातलं काहीही या हिशेबात येत नाही. डेव्हिड किबी या अमेरिकन स्टायलिस्टनं 1987च्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये लपवण्याऐवजी शरीराच्या रेषांशी जुळवून घेण्याची भाषा केली. ती अधिक सभ्य आहे. पण शेवटी त्यानंही 13 खण पाडलेच, आणि आज बायका इंटरनेटवर आपला खण कुठला यावर रात्री जागवतात.

बरं, नियम निदान दृष्टिभ्रमाच्या शास्त्रावर तरी टिकतात का? ‘आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो’ हा त्यातला सर्वांत लाडका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. बायकांच्या आडव्या पट्ट्यांच्या पोशाखांचा उल्लेखही त्यानं केला होता. अलीकडे यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसननं बायकांच्या चित्रांवर ते तपासलं, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी जाडी वाढल्याचं दिसलं नाही. नियमाला त्याचं काही नाही. तो दुकानात अजून ठणठणीत आहे.

या सगळ्याला मला माहीत असलेलं सर्वांत चोख उत्तर शब्दांत दिलेलं नाही. 1997च्या वसंत-उन्हाळ्यासाठी ‘कॉम दे गार्सों’च्या रेई कावाकुबोनं जे कपडे केले, त्यांत ताणल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडाखाली गाद्या भरलेल्या होत्या. पाठीवर, एका कुल्ल्यावर, खांद्याच्या मागे. म्हणजे जिथे बायका जन्मभर काही नसावं म्हणून धडपडतात, नेमकं तिथेच. समीक्षकांनी त्याला ‘गाठी आणि टेंगळं’ म्हणून हिणवलं. त्याच वर्षी मर्स कनिंगहॅमनं ‘सिनॅरिओ’ या नृत्यासाठी तिच्याकडून तसेच पोशाख करून घेतले. नर्तक गिरकी घेतो आणि त्याचा आकार दर क्षणी बदलतो. त्याला पेअर म्हणायचं की वीट, हे ठरवायला वेळच मिळत नाही. ते कपडे घालून कुणी बँकेत जाणार नाही, मीही नाही. पण ‘चांगलं दिसणं’ म्हणजे ‘बारीक दिसणं’ हे समीकरण त्यांनी जसं उसवलं, तसं शरीरप्रेमाच्या शंभर घोषणांनी मला उसवून दाखवलेलं नाही.

इथे साडीचं गुणगान करायचा मोह होतो. न शिवलेलं, सगळ्यांना सारख्याच लांबीचं वस्त्र. ठेंगणीनं जास्तीचं कापड कमरेशी खोचावं, जाडीनं दोन निऱ्या कमी घालाव्यात. खरं आहे, पण अर्धंच. कापडाला माप नसलं तरी नेसणारीला होतं. रुंद काठ नको, सावळीनं जांभळा नको, पन्नाशीनंतर लाल नको. आम्हाला ट्रिनी-सुझानाची वाट पाहावी लागली नव्हती. आणि त्यांचा कार्यक्रम निदान बंद तरी करता येत होता.

आई गेल्यावर ती इरकल माझ्याकडे आली. माझी उंची तिच्यापेक्षा अर्धा इंच जास्त. गेल्या दिवाळीत नेसले. घड्यांवर कापड विरायला लागलं होतं, पदर पिनेला धड धरेना. एक मैत्रीण म्हणाली, ‘छान आहे गं, पण जरा बुटकी दिसतेयस.’ मी आरशात पाहिलं. तिचं बरोबर होतं, दिसत होते. काठ मात्र काय लाल होता! दुसऱ्या दिवशी साडी रफूला दिली.