संवाद, स्वरलिपी आणि सर्जन : आधुनिक पियानोसंगीतातील मुलाखतींचे वाचन

प्रास्ताविक :

कलावंताची मुलाखत हा समीक्षेचा एक नित्याचा आधार झाला आहे. संगीताच्या बाबतीत तर हा आधार विशेष मोहक ठरतो. संगीताची भाषा शब्दांची नसल्यामुळे तिच्याविषयी लिहिताना समीक्षक सतत अवघडलेला असतो. अशा वेळी रचनाकार स्वतःच बोलू लागला, तर समीक्षकाला हायसे वाटते आणि त्याचे बोलणे तो अवतरणचिन्हांत घालून मोकळा होतो. मराठी संगीतलेखनालाही ही सवय अपरिचित नाही. घराण्यांच्या आख्यायिका, बुजुर्गांचे मैफलीनंतरचे उद्गार, शिष्यांनी सांगितलेल्या आठवणी यांना पुराव्याचे स्थान देऊन प्रत्यक्ष गाण्याचा विचार मागे टाकल्याची उदाहरणे आपल्याकडे विपुल आढळतात.

प्रस्तुत लेखात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या युरोपीय संगीतातील काही रचनाकार आणि पियानोवादक यांच्याशी झालेल्या संवादांचा विचार केला आहे. सर्जनप्रक्रियेविषयी कलावंत जे सांगतो ते त्या प्रक्रियेचे वृत्त नसते. ती प्रश्नकर्त्याच्या साहाय्याने नंतर घडलेली दुसरी रचना असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही दुसरी रचना स्वरलिपीशेजारी ठेवून वाचावी लागते. दोन्ही जुळतात तेथे समीक्षेला फारसे काम उरत नाही. त्या जुळत नाहीत तेथे मात्र बरेच काही हाती लागते.

एक प्रश्न, अनेक उत्तरे :

हंगेरियन संगीतलेखक बालिंट आंद्राश वार्गा यांनी अनेक वर्षे संगीतप्रकाशन व्यवसायात काम केले. त्यामुळे रचनाकारांशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांनी एक साधी युक्ती योजली. जगभरच्या रचनाकारांपुढे त्यांनी तेच तीन प्रश्न ठेवले. ८२ रचनाकारांची उत्तरे असलेले त्यांचे हंगेरियन पुस्तक १९८६ मध्ये निघाले. पुढे २०११ मध्ये ६५ रचनाकारांचा समावेश असलेली इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध झाली. भोवतालचे आवाज तुमच्या रचनेत शिरतात काय, असे दुसरा प्रश्न विचारतो. स्वतःची शैली कोठे संपते आणि स्वतःचीच पुनरावृत्ती कोठे सुरू होते, असे तिसरा. पहिला प्रश्न मात्र एका घटनेवर बेतलेला आहे.

ती घटना पोलिश रचनाकार विटोल्ड लुतोस्वाव्स्की यांची. १९६० मध्ये त्यांनी नभोवाणीवर जॉन केज यांची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना ऐकली आणि त्या काही मिनिटांत आपण वेगळ्या रीतीने रचना करू शकू हे त्यांना उमगले. त्यातून १९६१ ची ‘जू व्हेनिसिएँ’ ही रचना आली. असा एखादा क्षण तुमच्याही आयुष्यात आला होता काय, असे वार्गा सर्वांना विचारतात.

प्रश्न आकर्षक आहे आणि म्हणूनच तो जपून वाचला पाहिजे. साक्षात्काराचा क्षण मागणारा प्रश्न विचारला, की उत्तर देणारा तसा क्षण शोधू लागतो. खुद्द लुतोस्वाव्स्की यांच्या बाबतीत स्वरलिपी काय सांगते? केज यांनी रचनेतील निर्णय यदृच्छेवर सोपवले होते. लुतोस्वाव्स्की यांनी तसे केले नाही. त्यांच्या रचनेत वादकांना काही ठिकाणी आपापल्या गतीने वाजवण्याची मोकळीक आहे; परंतु कोणते स्वर वाजायचे हे रचनाकारानेच काटेकोरपणे ठरवलेले असते. बारा स्वरांच्या हार्मनीचा हा विचार त्यांनी केज ऐकण्यापूर्वीच, १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘म्युझीक फ्युनेब्र’ या रचनेच्या काळात, बराच पुढे नेला होता. म्हणजे ठिणगी केज यांची असली, तरी लाकडे आधीपासून रचलेली होती. मुलाखतीत ठिणगी दिसते, लाकडे दिसत नाहीत; कारण रोजच्या कष्टांची हकीकत सांगण्याजोगी नसते.

लिगेती : कथा सांगणारा रचनाकार

ग्यॉर्गी लिगेती (१९२३–२००६) हे या संदर्भात सर्वांत समृद्ध आणि सर्वांत फसवे उदाहरण होय. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संवादांच्या इंग्रजी पुस्तकात पेटर वार्नाई, योझेफ हॉयस्लर आणि क्लोद साम्युएल या तीन प्रश्नकर्त्यांबरोबर चौथा प्रश्नकर्ता आहे तो लिगेती स्वतः! आपणच प्रश्न विचारायचे आणि आपणच उत्तरे द्यायची, हा प्रकार वरकरणी गमतीचा वाटतो. परंतु सर्जनाविषयीचा संवाद ही रचनाच आहे, याची इतकी उघड कबुली दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल.

(कॅनेडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनीही १९७४ मध्ये स्वतःचीच मुलाखत घेतली होती. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या दोन ध्वनिमुद्रणांविषयी टिम पेज यांच्याशी त्यांनी १९८२ मध्ये केलेली मोकळी वाटणारी चर्चादेखील त्यांनी आधी लिहून काढली होती. स्त्राविन्स्की आणि रॉबर्ट क्राफ्ट यांच्या संवादग्रंथांत कोणते वाक्य कोणाचे, हा वाद तर अद्याप मिटलेला नाही.)

लिगेती यांच्या बोलण्यातील दोन कथा फार प्रसिद्ध आहेत. लहानपणी पडलेल्या एका स्वप्नात त्यांची खोली धाग्यांच्या दाट जाळ्याने भरून गेली होती आणि त्यांना आपल्या बिछान्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. दुसरी कथा ग्युला क्रूदी या लेखकाच्या गोष्टीची : टिकटिकणाऱ्या घड्याळांनी भरलेल्या घरात एक विधवा राहते. पहिल्या कथेवरून त्यांच्या दाट विणीच्या वाद्यवृंदरचनांचा आणि दुसरीवरून १९६२ च्या शंभर मेट्रोनोमांच्या रचनेचा वा १९६८ च्या ‘कोंतिनूम’ या हार्प्सिकॉर्डरचनेचा उलगडा करण्याची प्रथा पडली. या कथा खोट्या मानण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की कथा हाती आली म्हणजे जाळ्याची वीण मोजण्याचे श्रम कोणी घेत नाही.

पियानोसाठीच्या त्यांच्या अठरा एत्यूदांकडे वळले की हा प्रश्न अधिक नेमका होतो. १९८५ ते २००१ या काळात तीन खंडांत लिहिलेल्या या रचनांविषयी लिगेती यांनी पुष्कळ सांगितले आहे. मेक्सिकोत राहून यांत्रिक पियानोसाठी कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडून रचना करणारे कॉनलन नॅनकॅरो यांच्या ध्वनिमुद्रिका त्यांना १९८० मध्ये मिळाल्या. पोर्तो रिकोहून आलेले त्यांचे विद्यार्थी रोबेर्तो सिएरा यांच्यामुळे मध्य आफ्रिकेतील बहुपेडी संगीत त्यांनी ऐकले आणि सिम्हा आरोम यांचे त्यावरील संशोधन अभ्यासले. शोपाँ, शूमान, स्कार्लाटी व देब्युसी यांचे ऋण त्यांनी मानले. आणि या सर्वांहून लक्षणीय गोष्ट म्हणजे, आपण उशिरा, चौदाव्या वर्षी पियानो शिकू लागलो, बोटे हवी तशी तयार झाली नाहीत आणि या उणिवेतूनच एत्यूद जन्मले, असे त्यांनी सांगितले.

पहिला एत्यूद ‘देझोर्द्र’, म्हणजे अव्यवस्था. त्याची स्वरलिपी मराठी वाचकाला पेटीच्या आधारे सहज समजेल. संपूर्ण रचनेत उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि डावा काळ्या पट्ट्यांवर असतो. म्हणजे एका हातात सात स्वर, दुसऱ्यात पाच. काळी एकच्या शेजाऱ्यांसह पाचही काळ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या, तर योग्य षड्ज धरताच भूपाचे स्वर मिळतात, हे पेटीवर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. दोन्ही हात एकत्र निघतात. आठ जलद स्वरांचा एक गट. त्याची विभागणी कधी तीन-पाच, कधी पाच-तीन. चौथ्या गटात उजव्या हाताचा एक स्वर गळतो, डाव्याचा गळत नाही. येथून दोन्ही हातांचे आघात एकमेकांपासून सरकू लागतात. ऐकणाऱ्याला गोंधळ वाटतो. लिहिलेल्या कागदावर मात्र गोंधळाचा लवलेशही नाही. आपल्या तालविचारात सम हे परतण्याचे ठिकाण असते. येथे दोन हातांची समच फारकत घेते. त्यामुळे हे तालाचे उदाहरण समजणे चूक ठरेल. साम्य केवळ मोजण्यापुरते आहे.

आता लिगेती यांचे बोलणे आणि ही स्वरलिपी शेजारी ठेवली, तर काय दिसते? नॅनकॅरो यांचे नाव घेतल्याने एत्यूद यांत्रिक पियानोचे अनुकरण वाटतात. वस्तुतः नॅनकॅरो यांनी हात टाळण्यासाठी यंत्र निवडले, तर लिगेती यांनी तीच गुंतागुंत पुन्हा हातांत आणली. पट्ट्यांच्या रंगांवर आधारलेली कल्पना यंत्राला सुचणार नाही. ती पट्ट्यांवर हात ठेवून बसणाऱ्यालाच सुचते. तिसरा एत्यूद तर एका हाताने पट्ट्या मुक्या दाबून धरून दुसऱ्याने त्यांवरून धावण्याचा आहे. धावणारी बोटे दाबलेल्या पट्ट्यांवर पडली की आवाजच निघत नाही आणि त्या मौनांतून लय तयार होते. म्हणूनच मुलाखतींतील नॅनकॅरो, आफ्रिका आणि भूमिती यांच्या दिमाखदार उल्लेखांपेक्षा ‘माझी बोटे तयार नव्हती’ ही सलज्ज कबुली रचनेच्या अधिक जवळची आहे.

चौदाव्या एत्यूदाची हकीकत याला दुजोरा देते. ब्रांकुशी यांनी रोमानियातील तिर्गु-जिऊ येथे १९३८ मध्ये उभारलेल्या अनंत स्तंभावरून सुचलेल्या या रचनेचे पहिले रूप इतके दाट झाले, की ते यांत्रिक पियानोकडे सोपवावे लागले. लिगेती यांनी मानवी हातांसाठी दुसरे रूप लिहिले आणि चौदावा क्रमांक त्याला दिला. पहिल्याला ‘१४ अ’ म्हणतात. पुढे काही धाडसी वादकांनी तेही वाजवले, ही गोष्ट वेगळी.

तेराव्या एत्यूदाविषयी, ‘सैतानाच्या जिन्या’विषयी, दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे १९९३ मध्ये वादळात सायकलवरून वाऱ्याविरुद्ध जाताना ती रचना सुचली, ही लिगेती यांनी सांगितलेली आठवण. दुसरे असे, की गणितात याच नावाचा एक आलेख आहे आणि हाइन्झ-ऑटो पाइटगेन या गणितज्ञाशी लिगेती यांची मैत्री होती. कार्यक्रमपत्रिकांना वादळ आवडते, शोधनिबंधांना गणित. स्वरलिपीत दोन आणि तीन स्वरांच्या गटांनी पायरी पायरीने चढणारी ओळ आहे. ती वर पोहोचते, पुन्हा खालून निघते, आणि शेवटी आवाज वाढवण्याची खूण आठ वेळा लिहिलेल्या ‘एफ’ अक्षरापर्यंत जाते. अशी खूण शब्दशः पाळणे कोणत्याही पियानोला शक्य नाही. ती वादकाच्या शरीराला दिलेली आज्ञा आहे. वाऱ्याविरुद्ध पायडल मारणाऱ्या माणसाचे श्रम येथे आलेख समजावून देत नाही. म्हणून या एका ठिकाणी तरी आठवणीची बाजू घ्यावीशी वाटते.

अडखळणारे बोलणे :

लिगेती यांचे सहाध्यायी आणि मित्र ग्यॉर्गी कुर्ताग (जन्म १९२६) यांचे बोलणे नेमके उलट्या प्रकृतीचे आहे. वार्गा यांनी घेतलेल्या त्यांच्या तीन मुलाखती २००९ मध्ये ग्रंथरूपाने इंग्रजीत आल्या. एक वाक्य मध्येच सोडून द्यायचे, पुन्हा मागे यायचे, असा त्यांचा बाज. वाचकाला ते प्रथम निराश करते. परंतु ज्याच्या रचना काही सेकंदांच्या असतात, तो ओघवते बोलेल कसा?

१९५७–५८ मध्ये पॅरिसमध्ये असताना कुर्ताग यांची निर्मिती ठप्प झाली होती. मारिआन स्टाइन या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने त्यांना सुचवले, की केवळ दोन स्वर जोडून पाहा. पुढे १९५९ मध्ये तंतुवाद्यांच्या चतुष्टयासाठीची रचना झाली आणि तिलाच त्यांनी आपली पहिली कृती मानले. ही हकीकत लुतोस्वाव्स्की यांच्या साक्षात्काराच्या बरोबर विरुद्ध टोकाची आहे. तेथे दार एकदम उघडते. येथे दोन स्वरांमधले अंतर पुन्हा पुन्हा तपासले जाते. आणि येथे कथेला स्वरलिपीचा पूर्ण आधार मिळतो. १९७३ पासून लिहीत गेलेल्या ‘यातेकोक’ म्हणजे ‘खेळ’ या पियानोच्या संग्रहांत तळहात, मूठ आणि कोपरापर्यंतचा हात यांनी पट्ट्या दाबण्याच्या खुणा आहेत. वाद्य ज्याला अजून खेळणेच वाटते, असे मूल डोळ्यांपुढे ठेवून हे काम सुरू झाले. त्याच संग्रहातली ‘विराग अझ एम्बेर’ ही फुलासारख्या माणसाविषयीची रचना अवघ्या सात स्वरांची आहे.

पुढच्या खंडांना कुर्ताग यांनी ‘दैनंदिनीतील नोंदी, खासगी निरोप’ असे उपशीर्षक दिले. स्नेह्यांना अभिवादने, गेलेल्यांची स्मरणे, वाढदिवसाच्या शुभेच्छा असे त्यांचे स्वरूप. पत्नी मार्ता यांच्यासह (त्यांचे निधन २०१९ मध्ये झाले) ते साध्या उभ्या पियानोवर, आवाज दबवणारे पायडल लावून, या रचना आणि बाखची चार हातांसाठी केलेली रूपांतरे वाजवत. एकाच बाकावर बसलेल्या दोघांचे हात एकमेकांवरून ओलांडत जातात. कुर्ताग यांची खरी मुलाखत येथे ऐकू येते, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. परंतु छापील मुलाखतीत ज्या ठिकाणी ते अडखळतात, ते पुष्कळदा याच रचनांपाशी.

कारागिराचा प्रश्न :

पियानोवादकाशी होणारा संवाद रचनाकाराशी होणाऱ्या संवादाहून निराळा असतो. वादकाला बालपणीचे स्वप्न विचारून काही साधत नाही. त्याला स्पर्शाविषयी विचारावे लागते, आणि स्पर्शाविषयी विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रश्नकर्त्याला नसतो. पिएर-लोराँ एमार (जन्म १९५७) यांना लिगेती यांनी दहावा एत्यूद अर्पण केला आणि त्यांच्या हातांवर या रचना जगासमोर आल्या. एमार यांच्या असंख्य मुलाखती उपलब्ध आहेत. त्यांपैकी सर्वांत बोलकी मुलाखत ही मुलाखतच नव्हे.

रोबेर्ट सिबिस आणि लिलियन फ्रांक यांच्या २००९ च्या ‘पियानोमेनिया’ या अनुबोधपटात व्हिएन्नातील पियानो जुळवणारे तज्ज्ञ श्टेफान क्न्युप्फर हे एमार यांच्यासाठी बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’च्या ध्वनिमुद्रणाची तयारी करताना दिसतात. बाखने ही रचना कोणत्या वाद्यासाठी आहे हे लिहून ठेवलेले नाही. एमार यांना एकाच पियानोतून कधी क्लॅव्हिकॉर्ड, कधी हार्प्सिकॉर्ड, कधी ऑर्गन यांची छटा हवी आहे. ते शब्द शोधतात, हाताने हवेत आकार काढतात. क्न्युप्फर हातोडीचा नमदा टोचून किंवा तार किंचित ताणून विचारतात : असे? पट्टी दाबली जाते. उत्तर होकारार्थी की नकारार्थी, हे प्रथम एमार यांच्या चेहऱ्यावर कळते. शब्द मागून येतो, आणि तो अनेकदा अपुरा असतो. येथे रम्य कथेला वावच नाही, कारण प्रत्येक विधान पुढच्या क्षणी वाद्यावर तपासले जाते. खोटे ठरलेले वाक्य लगेच मागे घेतले जाते.

हे ध्वनिमुद्रण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ ते ऐकणाऱ्याला कोणत्या फ्यूगसाठी कोणता नमदा किती वेळा टोचला हे समजत नाही. परंतु अनुबोधपट पाहून पुन्हा ऐकले, तर एका फ्यूगहून दुसऱ्याकडे जाताना पियानोचा कंठ बदललेला कानांना जाणवतो.